लाल घर आणि त्याचे शेजारी

वेल्सला जाणारा प्रवासी आधी किल्ले बघतो. कॅर्नारव्हन, कॉन्वी, हार्लेक, बोमारिस ही नावं प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमात असतात, आणि ते किल्ले खरोखरच बघण्यासारखे आहेत. पण ते वेल्श माणसाने बांधलेले नाहीत. १२८२-८३ च्या लढाईत इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने वेल्सच्या राजपुत्रांचा पाडाव केला आणि जिंकलेला मुलूख धाकात राहावा म्हणून डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या नाक्यांवर हे किल्ले उभे केले. ज्यांना धाकात ठेवायचं होतं ती माणसं कशी राहत होती, कशावर निजत होती, चूल कुठं पेटवत होती, गुरं कुठं बांधत होती, हे त्या बुरुजांवर कितीही वेळ उभं राहिलं तरी समजत नाही. ते समजून घ्यायचं तर कार्डिफ शहराच्या पश्चिम वेशीवर, सेंट फेगन्स नावाच्या गावी जायला हवं.

कार्डिफच्या मध्यातून बस पकडली की थोड्या वेळात शहर मागं पडतं आणि ईली नदीच्या खोऱ्यातली झाडी सुरू होते. सेंट फेगन्सला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला एक मोठा वाडा आहे. त्याला किल्ला म्हणत असले तरी तो राहता वाडाच. प्लिमथच्या अर्लने १९४६ मध्ये हा वाडा आणि त्याच्या बागा वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिल्या आणि १ जुलै १९४८ रोजी तिथं लोकजीवनाचं संग्रहालय उघडलं. आज तिथं चाळीसहून अधिक जुन्या इमारती आहेत. त्यातल्या बहुतेक वेल्सच्या कानाकोपऱ्यांतून दगड दगड, वासा वासा सुटा करून आणलेल्या आणि इथं पुन्हा उभ्या केलेल्या. शाळा, चर्च, शिंप्याचं दुकान, लोकरीची गिरणी, कातडी कमावण्याचा कारखाना, सगळं आहे. मी मात्र शेतकऱ्यांची घरं बघायला गेलो होतो आणि तीच मनात धरून परतलो.

हे संग्रहालय ज्याच्या डोक्यातून निघालं त्या माणसाचं नाव योरवर्थ पीट. मध्य वेल्सच्या डोंगराळ भागातल्या लानब्रिनमायर गावचा १९०१ सालचा जन्म, घरची भाषा वेल्श, वृत्तीने कवी आणि अभ्यासाने लोकसंस्कृतीचा संशोधक. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय काढलं होतं. गावोगावची घरं एका टेकडीवर आणून मांडण्याची ती कल्पना पीट यांनी उचलली. १९४० मध्ये त्यांनी वेल्श घरावर ग्रंथ लिहिला. तोपर्यंत ब्रिटनमध्ये वास्तुकलेचा इतिहास म्हणजे चर्च, राजवाडे आणि जमीनदारांच्या हवेल्या असाच समज होता. कुडाच्या आणि मातीच्या भिंतींचीही वास्तुकला असते, तिलाही प्रांत आणि परंपरा असतात, हे पीट यांनी आग्रहाने मांडलं. वेल्सला तेव्हा स्वतःचं राज्य नव्हतं, संसद नव्हती. होती ती भाषा आणि ती बोलणारी कष्टकरी माणसं. त्यांची घरं हीच या देशाची स्मारकं, अशी त्यांची श्रद्धा होती. सेंट फेगन्समधून फिरताना ती श्रद्धा पावलोपावली जाणवते.

झाडांमधून वळत जाणाऱ्या वाटेवर एकाएकी लाल रंग दिसतो. विटकरी नाही, गुलाबी नाही, चांगला भडक तांबडा. वर गवताने शाकारलेलं उतरतं छप्पर, खाली जाड दगडी भिंती आणि त्या भिंतींना वरपासून जोत्यापर्यंत तो एकच रंग. हे केनिक्स्टनचं शेतघर. १६१० मध्ये ते गावर द्वीपकल्पावरच्या लँगेनिथ या गावाजवळ बांधलं गेलं आणि १९५५ मध्ये इथं पुन्हा उभं राहिलं. संग्रहालयात सगळ्यात जास्त छायाचित्रं बहुधा याच घराची निघत असावीत. मी तिथं होतो तेवढ्या वेळात दारासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांची रांग काही सरली नाही.

गावर म्हणजे स्वान्सीच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ. नॉर्मन लोकांनी हा सुपीक किनारा लवकर ताब्यात घेतला. त्यामुळे दक्षिण गावरमध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांची वस्ती शतकानुशतकं राहिली आणि तिथल्या रीतीभाती थोड्या वेगळ्या पडल्या. इथला खडक चुनखडीचा. भट्टीत भाजला की कळीचा चुना तयार, आणि तो पाण्यात विरवला की भिंतीला द्यायला सफेदी. जाड दगडी भिंतीत मुरलेली ओल चुन्याच्या थरातून बाहेर पडू शकते, शिवाय समुद्रावरून येणाऱ्या पावसाचा मारा त्या थरावर झेलला जातो. म्हणून दर काही वर्षांनी घराला चुना काढायचा, हा वेल्समधल्या शेतकऱ्याचा नेमच होता. चुन्यात काव कालवली की रंग तांबडा होतो. केनिक्स्टनला हा तांबडा रंग देण्यामागं एक समजूतही होती. लाल रंगाने घरापासून दुष्ट शक्ती दूर राहतात. हीच समजूत अंगणातल्या रोवनच्या झाडापाशी पुन्हा भेटते. या झाडाला शरदात लालचुटुक फळांचे घोस लागतात, आणि ज्या अंगणात ते उभं असतं तिथं चेटूक चालत नाही असं वेल्समध्ये मानलं जायचं. गुरं आटली, लोणी निघेना, मूल दगावलं, तर त्याचं कारण सांगायला सतराव्या शतकातल्या शेतकऱ्याकडे दुसरं काय होतं? घराचा रंग आणि अंगणातलं झाड हा त्याने आपल्या परीने केलेला बंदोबस्त होता.

दारातून आत शिरलं की क्षणभर काहीच दिसत नाही. खिडक्या लहान, भिंतींची जाडी हातभराहून मोठी. डोळे सरावले की पहिली नजर जाते चुलीकडे. चूल म्हणजे भिंतीत घेतलेली माणूस उभा राहील एवढी मोठी पोकळी, वर जाड लाकडी तुळई आणि आत विस्तव. थंडीच्या दिवसांत या घरांमध्ये विस्तव पेटवतात, त्यामुळे लाकडाच्या धुराचा वास भिंतींना, छपराला आणि थोड्या वेळाने आपल्या कपड्यांनाही लागतो. चुलीच्या बाजूलाच लाकडी फळ्यांनी बंद केलेलं एक कपाट दिसतं. ते कपाट नसून पलंग आहे. आत गादी, वर फळ्यांचं छत, समोर दार. रात्री आत शिरायचं, दार ओढून घ्यायचं आणि चुलीची ऊब धरून निजायचं. वेगळी झोपायची खोली नसलेल्या घरात नवराबायकोला तेवढाच आडोसा. मी त्या पलंगाच्या लांबीचा अंदाज घेतला. पाय पसरून झोपणं अवघड, अंगाची जुडी करूनच निजावं लागत असणार. पण गावरच्या किनाऱ्यावर जानेवारीत वाहणारा वारा ज्याने अनुभवला असेल त्याला हे कपाट राजाच्या शयनगृहापेक्षा मोलाचं वाटलं असेल.

हे घर एकाच वेळी बांधून पूर्ण झालेलं नाही. १६१० च्या मूळ भागाला पुढच्या पिढ्यांनी जोड दिली. अठराव्या शतकापर्यंत ते वाढत राहिलं. पीक बरं आलं, लोकर चांगल्या भावाने गेली, की खोली वाढवायची. हातात पैसा नसेल तेव्हा नुसता चुना काढून दिवस ढकलायचे. भिंतींच्या रेषा आणि खोल्यांची मांडणी बघताना ही वाढ डोळ्यांना कळते. वास्तुविशारदाने काढलेला नकाशा यामागं नव्हता. गवंडी, सुतार आणि गवत शाकारणारा, या तिघांना प्रांताची रीत ठाऊक होती आणि घरधन्याला आपली गरज.

केनिक्स्टनपर्यंत वेल्श शेतकरी कसा पोचला हे समजायचं तर आणखी शंभर वर्षं मागं जायला हवं. उत्तर वेल्समध्ये क्लुइड नदीचं खोरं आहे. तिथल्या लान्गनहावल गावातून आणलेलं हेंद्रेर-अविद इखाव हे घर १५०८ सालचं. बाहेरून ते साधंच वाटतं. गवताचं छप्पर, लाकडी चौकटी आणि चौकटींमध्ये कुडाच्या भिंती. आपल्याकडे कोकणात आणि मावळात कारवीचे कुड शेणामातीने सारवतात, अगदी तीच कृती. इथं ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझलच्या फांद्या आणि वर माती, शेण, पेंढा एकत्र मळून केलेला गिलावा. मराठी माणसाला ही भिंत ओळखायला कुणाची मदत लागत नाही.

खरी करामत आत आहे. घर पाच खणांचं, आणि खणाखणांच्या मध्ये उभ्या आहेत ओकच्या प्रचंड वाकड्या खोडांच्या जोड्या. नैसर्गिक बाक असलेलं झाड निवडायचं, ते उभं चिरायचं आणि दोन्ही फाकी एकमेकींसमोर उभ्या करायच्या. एकाच झाडाच्या असल्यामुळे त्यांचा बाक तंतोतंत जुळतो. जमिनीलगत सुरू झालेली ही कमान थेट आढ्यापर्यंत जाते आणि छपराचं सगळं ओझं आपल्या अंगावर घेते. भिंतींवर भार जवळजवळ येतच नाही. त्यामुळे कुड पडला, कुजला, तरी घर पडत नाही. तेवढा कुड काढून नवा घालता येतो. खोडांवर कुऱ्हाडीचे आणि तासणीचे घाव अजून दिसतात. मी त्यावरून हात फिरवला. काही ठिकाणी लाकूड इतकं गुळगुळीत आहे की पाचशे वर्षांत किती पाठी तिथं टेकल्या असतील याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

या घरात धुराडं नाही. मधल्या मोठ्या दालनात जमिनीवरच चूल, आणि धूर वर चढून छपरातून वाट काढणार. खिडक्यांना काचा नाहीत, नुसते लाकडी गज आणि थंडीवाऱ्यात लावायला फळ्या. म्हणजे उजेड हवा असेल तर वारा घ्या, आणि वारा नको असेल तर अंधारात बसा. याच छपराखाली एका टोकाला जनावरंही असायची. धूर डोळ्यांत जात असला तरी त्याचा उपयोग होता. गवताच्या छपरात कीड कमी होई, लाकूड कोरडं राही, आढ्याला टांगलेलं मांस टिके. वरचा मजला मात्र करणं शक्य नव्हतं, कारण वरची जागा धुराची होती.

१५०८ हे साल इतकं नेमकं कसं कळलं, हा प्रश्न कुणालाही पडेल, कारण घराच्या दारावर काही कोरलेलं नाही. उत्तर लाकडातच आहे. ओकच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं. पावसाचं वर्ष असेल तर जाड, कोरडं असेल तर बारीक. जाड-बारीक वलयांची ही मालिका एका प्रदेशातल्या सगळ्या ओकमध्ये सारखी येते. हजारो नमुन्यांवरून अभ्यासकांनी तिचं दिनदर्शिकेसारखं कोष्टक बनवलं आहे. तुळईतून पेन्सिलीएवढी लांबट कांडी काढायची, वलयं मोजायची, कोष्टकाशी जुळवायची. सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं हेही सांगता येतं. शिवाय जुने सुतार ओक ओला असतानाच वापरत, कारण वाळला की तो छिन्नीला दाद देत नाही. म्हणून झाड पडलं त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी घर उभं राहिलं असं धरायला हरकत नसते. कागदपत्रांत ज्यांची नोंद नाही अशा शेकडो घरांना या पद्धतीने आपला जन्म सापडला आहे.

आता गारेग वाउर. हे घर वायव्य वेल्समधल्या वाइनवाउरचं, एरीरीच्या, म्हणजे इंग्रजीत ज्याला स्नोडोनिया म्हणतात त्या पर्वतरांगेच्या कुशीतलं. साल १५४४. हेंद्रेपासून अवघी छत्तीस वर्षं पुढं, पण जग निराळं. भिंती मोठमोठ्या ओबडधोबड दगडांच्या, छप्पर पाटीच्या दगडाचं, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींवर एकेक धुराडं. डोंगरात मोठे ओक थोडे आणि दगड मुबलक, म्हणून लाकूड कमी आणि दगड जास्त. पण धुराडं हा नुसत्या साहित्याचा फरक नाही. धूर एकदा भिंतीतून परस्पर बाहेर जाऊ लागला की आढ्याखालची जागा माणसाला मिळते. तिथं माळा घालता येतो, जिना येतो, निजायच्या वेगळ्या खोल्या होतात. मालक आणि गडी, मोठी माणसं आणि मुलं यांच्या जागा वेगळ्या होतात. घरातल्या माणसांचं परस्परांशी वागणंसुद्धा बदलतं. एका धुराड्याने हे सगळं केलं. ट्यूडर राजांच्या काळात, १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला त्या सुमाराला, या आडवळणाच्या डोंगरातला शेतकरी असं दुमजली दगडी घर बांधू शकत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. वेल्सचे डोंगर म्हणजे केवळ दारिद्र्य, हा समज इथं गळून पडतो. पीटर स्मिथ यांनी १९७५ मध्ये वेल्सच्या ग्रामीण घरांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कोणत्या प्रकारची घरं कुठं आढळतात ते नकाशांवर मांडलं. त्या नकाशांत वायव्येचा हा दुमजली दगडी प्रकार ठसठशीत उठून दिसतो.

पीट यांचा सर्वांत लाडका प्रकार मात्र वेगळा होता. लांबघर. संग्रहालयात तो किलेवेंटच्या रूपाने आहे. मध्य वेल्समध्ये रॅडनरशरच्या डोंगरांत क्लायरवेन नदीचं खोरं आहे, तिथलं हे घर. मुळात ते पंधराव्या शतकातलं, लाकडी कमानींवर उभं असलेलं. १७३४ मध्ये त्याची दगडात पुनर्बांधणी झाली. माणसं आणि गुरं एका लांबट छपराखाली, आणि दोघांना आत यायचं दारही एकच. दारातून आत आलं की आडवा बोळ. एका हाताला गोठा, दुसऱ्या हाताला घर. याच बोळात उभं राहून गुरांना वैरण टाकायची. अशी घरं उताराला सरळ लावून बांधत, गोठा खालच्या अंगाला, म्हणजे मूत आणि पाणी आपोआप खाली वाहून जावं आणि माणसांची बाजू कोरडी राहावी. बर्फात अंगण ओलांडायला नको, व्यालेल्या गाईकडे रात्री-अपरात्री दोन पावलांत जाता यावं, आणि गुरांच्या अंगाची ऊब भिंतीपलीकडे मिळावी. इतका विचार त्या एका बोळामागं आहे. पीट यांना या घरात वेल्श शेतकऱ्याचं मूळ रूप दिसलं. पुढच्या अभ्यासकांनी हे चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे हे दाखवून दिलं. तरीही किलेवेंटच्या बोळात उभं राहिल्यावर पीट यांना काय भावलं असेल ते मनोमन पटतं.

किलेवेंटच्या मुलखाची पुढची कथाही सांगायला हवी. क्लायरवेन आणि शेजारची ईलन या नद्यांची खोरी बर्मिंगहॅम शहराने पाण्यासाठी घेतली. १९०४ मध्ये ईलनच्या धरणांचं उद्घाटन झालं, १९५२ मध्ये क्लायरवेनचं. शेतघरं, वाड्यावस्त्या पाण्याखाली गेल्या. पुढं १९६५ मध्ये उत्तरेला त्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बुडालं. शाळा, प्रार्थनाघर, पोस्ट आणि शेतघरं, सगळं. त्यासाठी संसदेने केलेल्या कायद्याच्या बाजूने वेल्सच्या एकाही खासदाराने मत दिलं नव्हतं, तरी तो झाला. सेंट फेगन्सची पहिली घरं इथं आणली जात होती त्याच वर्षांत हे घडत होतं. जुन्या घरांसाठी चाललेली ही धावपळ म्हणजे कुण्या हौशी माणसाचा छंद नव्हता हे त्यावरून कळतं. डोळ्यांसमोर एक जग जात होतं आणि काहीजण त्यातलं जमेल तेवढं उचलून सुरक्षित जागी नेत होते.

उचलून नेणं म्हणजे काय, हे आबेरनोदविदपाशी नीट समजतं. मंटगमरीशरमधल्या लान्गादवनचं हे घर १६७८ सालचं, ओकच्या चौकटींचं. इंग्लंडच्या सीमेकडचा हा भाग ओकचा, म्हणून इथले सुतार नावाजलेले. ते आधी आपल्या आवारात संपूर्ण सांगाडा जमिनीवर आडवा जुळवून बघत. प्रत्येक खाच आणि कुसू जुळले की त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना छिन्नीने एकच खूण करत. बहुतेक वेळा रोमन आकड्यांची, कारण त्यांत सरळ रेषा असतात आणि छिन्नीला त्या सोप्या जातात. मग सांगाडा सोडवायचा, गाडीवरून जागेवर न्यायचा, खुणा जुळवून उभा करायचा आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या. लोखंडी खिळा नाही. म्हणजे हे घर मुळातच सुटं करता येईल असं होतं. पावणेतीनशे वर्षांनी संग्रहालयाच्या कारागिरांनी तेच केलं. मोजमापं घेतली, छायाचित्रं काढली, प्रत्येक भागावर नंबर घातला, खुंट्या काढल्या. १९५५ मध्ये घर इथं उभं राहिलं. सतराव्या आणि विसाव्या शतकातल्या सुतारांचं काम या एका घरात एकमेकांना मिळालं आहे. दगडी घरांचं काम याहून अवघड. तिथं कोपऱ्यांचे, दाराखिडक्यांचे आणि चुलीचे दगड एकेक करून नंबरावारी न्यावे लागतात, नाहीतर भिंतीचा चेहराच हरवतो.

ही सगळी घरं स्वतःची किंवा चांगल्या कुळवहिवाटीची जमीन असलेल्या शेतकऱ्यांची. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याचं घर बघायचं तर नांत वाल्टरला जावं. कार्मार्थनशरमधून आणलेलं, सुमारे १७७० चं, मजुराचं दोन खोल्यांचं घर. भिंती नुसत्या मातीच्या. माती, पेंढा कालवून थरावर थर रचायचा, एक थर वाळला की दुसरा. वर गवत. या प्रकारची घरं दक्षिण-पश्चिम वेल्समध्ये ठिकठिकाणी होती, पण मातीची भिंत पावसात उघडी पडली की काही वर्षांत विरघळते, म्हणून फार थोडी टिकली. गरिबाचं घर इतिहासात टिकत नाही याचं सरळ कारण हे आहे. जवळपास डोंगराळ भागातून आणलेलं एक गोल डुकरखोपटंही आहे. चुना न वापरता, दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत घेत घुमट मिटवलेला. डुकरासाठी एवढी कारागिरी, कारण वर्षभराचं मांस त्यावर अवलंबून.

आणि शेतकरी शेतीतून बाहेर पडला तेव्हा काय झालं, तेही इथं आहे. मर्थर टिडफिल हे एकेकाळी लोखंडासाठी जगभर प्रसिद्ध असलेलं गाव. तिथल्या खाणकामगारांची रीद-अ-कार ही सहा घरांची चाळ १९८७ मध्ये इथं आली. सहा घरं सहा काळांची मांडली आहेत, १८०५ पासून १९८५ पर्यंत. सुरुवातीच्या काळात संग्रहालयावर टीका व्हायची की त्यात खेड्यातल्या, वेल्श बोलणाऱ्या माणसाचंच जग आहे, कोळशाच्या आणि लोखंडाच्या खोऱ्यांतले लाखो कामगार कुठं आहेत? टीका रास्त होती. डोंगरातली कितीतरी माणसं लांबघरं सोडून याच चाळींमध्ये राहायला गेली होती. आता दोन्ही घरं एका संध्याकाळच्या फेरीत बघता येतात आणि त्यांच्यामधला रस्ता माणूस कसा चालला असेल हे आपलं आपल्याला जुळवता येतं.

एक आक्षेप मात्र माझ्याही मनात घोळत राहिला. केनिक्स्टनच्या लाल भिंतीसमोर समुद्र नाही. किलेवेंटच्या दारात उभं राहिलं तर ईलनच्या उघड्या टेकड्या दिसत नाहीत, कार्डिफजवळची दाट झाडी दिसते. घर जिथल्या मातीने आणि वाऱ्याने घडलं ती माती आणि तो वारा इथं आणता येत नाही. म्हणून पूर्वीचं घर आहे त्या जागीच राखावं हाच आजचा योग्य विचार आहे, आणि सेंट फेगन्सच्या आवारात त्याचंही उदाहरण आहे. ल्विन-अर-एऑस हे शेतघर कुठूनही आणलेलं नाही. ते इथलंच, प्लिमथ अर्लच्या जमिनीवरच्या कुळाचं. १९३० च्या सुमाराचं जीवन त्यात मांडलं आहे, आणि आजूबाजूला ल्लानवेनोग आणि हिल रॅडनर या वेल्श जातींच्या मेंढ्या चरताना दिसतात. तरीही जी घरं हलवली नसती तर शिल्लकच राहिली नसती त्यांच्याबाबतीत माझं मन स्वच्छ आहे. माळावर ढासळलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यापेक्षा, परक्या झाडीत का होईना, पण शाबूत उभं असलेलं घर हजारपट बरं.

तिथं जाणार असाल तर एक सांगतो. वाट समोर येईल तशी घरं बघू नका. आधी १५०८ च्या हेंद्रेत जाऊन जमिनीवरच्या चुलीपाशी थांबा, मग १५४४ च्या गारेग वाउरमध्ये धुराड्याने काय केलं ते बघा, मग केनिक्स्टन, आबेरनोदविद, किलेवेंट आणि शेवटी रीद-अ-कार. चालणं जास्त होईल, पण चूल भिंतीकडे सरकते, धूर बाहेर पडतो, वर मजला चढतो, खिडकीला काच येते, गुरं वेगळी होतात, आणि अखेर माणूस शेतच सोडून जातो, हा पाचशे वर्षांचा क्रम पायाखालून जाईल. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. घराघरात बसलेले कर्मचारी विचारलं की भरभरून सांगतात, पुष्कळजण वेल्शही बोलतात. त्यांना छपराबद्दल, चुन्याबद्दल, विस्तवाबद्दल जरूर विचारा. दर काही वर्षांनी नवा चुना, नवं गवत, कुजलेल्या तुळईला नवा ओकचा सांधा, असं काम इथं अखंड चालू असतं, आणि त्यामुळे ही कामं जाणणारे कारागीरही टिकून राहतात. एका छोट्या देशाने आपल्या शेतकऱ्याच्या घराला कॅथीड्रलइतकं जपायचं ठरवलं आणि ते सत्तरहून अधिक वर्षं निभावलं. वेल्समध्ये मला याहून मोठं स्मारक दिसलं नाही.